पेनड्राइव्ह दिसत नाही? ‘फॉरमॅट’चं बटण दाबण्याआधी

लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावावा आणि फोटोंऐवजी एक चौकट समोर यावी: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची का? खाली दोन बटणं. कॉम्प्युटर स्वतःच इलाज सांगतोय असं वाटून पुष्कळ जण पहिलं बटण दाबून मोकळे होतात. थांबायला हवं ते नेमकं इथे. समोरच्या ड्राइव्हवरची मांडणी विंडोजला वाचता आली नाही, एवढाच त्या चौकटीचा अर्थ असतो. आतल्या फाइल गेल्या, असं ती म्हणत नाही. बहुतेक वेळा फाइल जागच्या जागी असतात आणि फॉरमॅट केल्यावर त्या परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ ही तक्रार जेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात, फोटोग्राफरच्या स्टुडिओत, सगळीकडे याच तीन शब्दांत येते. तिच्यामागे मात्र अनेक निरनिराळे बिघाड असू शकतात. कधी पोर्टमध्ये धूळ असते, कधी ड्राइव्हला अक्षरच मिळालेलं नसतं, कधी आतली चिप खरोखर गेलेली असते. पहिल्या दोन्हींचं काम पाच मिनिटांचं, तिसऱ्याला प्रयोगशाळाच लागते. कोणत्या बिघाडाशी गाठ आहे हे न कळताच उपाय सुरू झाले, की बरा होण्यासारखा पेनड्राइव्हही हातचा जातो.

म्हणून आधी पहिल्या एकदोन सेकंदांत काय घडतं ते पाहू. पेनड्राइव्हच्या चपट्या तोंडात डोकावलं की चार सोनेरी पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन पट्ट्या आतल्या दोन पट्ट्यांपेक्षा साधारण एक मिलिमीटर पुढे आलेल्या असतात. बाहेरच्या विजेच्या, आतल्या माहितीच्या. हा मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे: आधी ५ व्होल्टची वीज पोचावी, बोलणं त्यानंतर सुरू व्हावं. वीज मिळाली की पेनड्राइव्हमधली कंट्रोलर चिप जागी होते आणि माहितीच्या एका तारेवरचा दाब वर खेचते. कुणीतरी आलंय हे कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. मग तो विचारतो, तू कोण? ड्राइव्ह आपल्या कंपनीचा क्रमांक सांगतो, स्वतःचा क्रमांक सांगतो, आपण साठवणुकीचं साधन आहोत हेही सांगतो. कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो, योग्य ड्रायव्हर जोडतो, डिस्कवरचे विभाग वाचतो, फाइल कोणत्या पद्धतीने मांडल्यात ते ओळखतो आणि सगळ्यात शेवटी ‘ई’ किंवा ‘एफ’ असं एखादं अक्षर देतो. पडद्यावर चिन्ह उमटतं ते यानंतर.

हे संभाषण १९९६ साली ‘यूएसबी’ या नावाने ठरलं. ते ठरवणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींत अजय भट्ट प्रमुख होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. त्या वेळी विषय कीबोर्ड, माउस आणि प्रिंटरचा होता; प्रत्येकाचं तोंड वेगळं, प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, या जाचातून सुटका हवी होती. पेनड्राइव्ह नंतर आला. २००० सालच्या अखेरीस आयबीएमने अमेरिकेत विकायला काढलेल्या ‘डिस्कऑनकी’त ८ एमबी मावत होते, म्हणजे पाच फ्लॉपींपेक्षा थोडं जास्त. आज चिमटीत मावणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्याच्या कित्येक हजारपट माहिती बसते, पण लावल्यानंतरचे पहिले प्रश्न अजूनही तेच आहेत. बिघाड शोधायचा म्हणजे हे बोलणं कोणत्या पायरीवर तुटलं, ते शोधायचं.

पहिली खूण कानाला मिळते. ड्राइव्ह लावल्यावर विंडोजचा ‘टुडुंग’ असा आवाज आला का? ड्राइव्हवरचा दिवा लागला का? दोन्हींपैकी काहीच नसेल, तर बहुधा वीजच पोचलेली नाही किंवा पहिला प्रश्नोत्तरांचा टप्पाही झालेला नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करणं फुकट. आधी पोर्ट बदलावा. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची यूएसबी तोंडं आतून एका लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर सैल असणं काही नवलाचं नाही; मागची तोंडं थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून ड्राइव्ह मागे लावून पाहावा. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन वायर असेल तर ती काढावी. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पियर वीज मिळते. एकाच साध्या हबवर माउस, कीबोर्ड, वेबकॅम आणि पेनड्राइव्ह असे चौघे बसले, की ती अपुरी पडू शकते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह व्यवस्थित दिसला, तर दोष पहिल्या कॉम्प्युटरचा. कुठेच दिसला नाही, तर ड्राइव्हचा. एवढी साधी चाचणी पुष्कळांकडून राहून जाते आणि चांगला ड्राइव्ह कचऱ्यात जातो.

तोंड उजेडात धरून पाहण्यालाही तितकंच महत्त्व आहे. खिशात किंवा पर्सच्या तळाशी पडून राहिलेल्या ड्राइव्हच्या तोंडात कापडाचे तंतू दाबून बसतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतला दमटपणा पट्ट्यांवर गंज आणि डाग आणतो. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून पट्ट्या पुसाव्यात, पाच-दहा मिनिटं वाळू द्याव्यात आणि मगच ड्राइव्ह लावावा. हे द्रव्य मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. पिन किंवा सुईने कोरू नये, पट्टीवरचा पातळ मुलामा निघतो. आणि ड्राइव्ह लावल्याबरोबर चटका बसेल इतका तापला, तर तत्काळ काढावा. आत शॉर्ट झालेलं असतं. पुन्हापुन्हा लावलं तर चिपबरोबर कॉम्प्युटरचा पोर्टही जायचा.

आता दुसरा प्रकार, आणि त्यातल्या त्यात सुखाचा: आवाज येतो, दिवाही लागतो, पण ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह नाही. म्हणजे ओळख पटली, पुढचं काहीतरी अडलं. इथे विंडोजचं एक उपयोगी दालन उघडायचं. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ दिसतं. तिथे खालच्या भागात कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक डिस्क आडव्या पट्टीच्या रूपात दाखवलेली असते. पेनड्राइव्हचा आकार माहीत असतो, ३२ जीबीचा ड्राइव्ह २९ जीबीच्या आसपास दिसतो, त्यावरून आपली पट्टी ओळखायची. त्या पट्टीवर काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पट्टी निळी, फाइल पद्धतीचं नाव बरोबर, ‘हेल्दी’ असा शेरा, फक्त अक्षर नाही? मग त्यावर उजवी क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडायचं आणि यादीतलं मागचं एखादं अक्षर द्यायचं, ‘पी’ किंवा ‘आर’. फाइल लगेच समोर येतात. ऑफिसांमध्ये हे हमखास घडतं. सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर कुणीतरी ‘एफ’ या अक्षराने जोडून ठेवलेला असतो आणि पेनड्राइव्हलाही ‘एफ’च मिळतं. मग फोल्डर तेवढा दिसतो, पेनड्राइव्ह त्याच्यामागे दडून राहतो. घरच्या कॉम्प्युटरवर तोच ड्राइव्ह बिनबोभाट चालतो, त्यामुळे माणूस आणखीच चक्रावतो.

ऑफिसातलं दुसरं कारण अधिक सरळ आहे. बँका, सरकारी कार्यालयं, मोठ्या कंपन्या पेनड्राइव्ह जाणूनबुजून बंद ठेवतात. २००८ साली पेनड्राइव्हमधून पसरलेल्या ‘एजंट डॉट बीटीझेड’ नावाच्या किड्यामुळे अमेरिकेच्या लष्कराने आपल्या कॉम्प्युटरांवर पेनड्राइव्ह वापरायलाच मनाई केली होती आणि २०१० मध्ये ती काही अटींवर शिथिल केली. अशा ठिकाणी कीबोर्ड-माउस त्याच पोर्टवर चालतात, फक्त साठवणुकीचं साधन अडवलं जातं. ती दुरुस्त करायची गोष्टच नाही. सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं. ॲपलच्या नव्या लॅपटॉपवरही २०२२ पासून अनोळखी वस्तू जोडली की परवानगी विचारली जाते. घाईत नकार दिला गेला, तर ड्राइव्हला वीज मिळते, माहितीची देवाणघेवाण होत नाही.

विंडोजच्या त्याच स्टार्टच्या यादीतल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं नाव आणि ‘कोड ४३’ असा खुलासा दिसला, तर ड्राइव्ह आला हे कॉम्प्युटरला कळलंय, पण ‘तू कोण’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळालेलं नाही. इथे त्या नावावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करावं, ड्राइव्ह काढावा, कॉम्प्युटर पूर्ण बंद करून मिनिटभराने सुरू करावा आणि ड्राइव्ह पुन्हा लावावा. ड्रायव्हर नव्याने जोडला जातो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच ही तक्रार येत असेल, तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट निजवून ठेवण्याची सोय पॉवरच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. हाच कोड प्रत्येक कॉम्प्युटरवर येत असेल, तर मात्र दोष ड्राइव्हच्या कंट्रोलरचा किंवा सैल झालेल्या सांध्याचा समजावा.

आता पुन्हा त्या फॉरमॅटच्या चौकटीकडे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा ड्राइव्हच्या पट्टीवर बहुधा ‘रॉ’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ विंडोजला फाइल पद्धत ओळखता आली नाही. याला एक अगदी निरुपद्रवी कारण असू शकतं: ड्राइव्ह मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेला असतो. तिथल्या फाइल पद्धती विंडोजला आपणहून वाचता येत नाहीत आणि न वाचता आलेल्या धडधाकट ड्राइव्हलाही ते फॉरमॅटच सुचवतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याकडून, मॅक वापरणाऱ्या डिझायनरकडून आलेला ड्राइव्ह असेल, तर तो आधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर लावून पाहणं शहाणपणाचं.

दुसरं कारण म्हणजे मांडणीची नोंदवही बिघडणं. प्रत्येक ड्राइव्हवर सुरुवातीला थोडी जागा कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींसाठी राखलेली असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून प्रकरणं नाहीशी होत नाहीत, तसंच इथे आहे. फॅट ३२ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत तर या नोंदींच्या दोन प्रती असतात आणि सुरुवातीच्या मुख्य सेक्टरची एक नक्कल सहसा सहाव्या सेक्टरवर जपून ठेवलेली असते. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी तयार केलेलं ‘टेस्टडिस्क’ हे मोफत सॉफ्टवेअर ती नक्कल शोधून मूळ जागी बसवू शकतं. कधी कधी तेवढ्यावर सगळं जसंच्या तसं परत येतं. नोंदी पूर्णच गेल्या असतील, तर त्यांचंच ‘फोटोरेक’ नोंदींकडे न पाहता ड्राइव्ह सेक्टरमागून सेक्टर चाळतं आणि जेपीजी फोटोची, पीडीएफची, वर्ड फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून फाइल वेचून काढतं. यात फाइलींची नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. शेकडो फोटो क्रमांकांच्या नावाने एका ढिगात येतात आणि ते नीट लावायला एखादा रविवार जातो. पण फोटो असतात.

यात एक पथ्य काटेकोर पाळायचं: सापडलेल्या फाइल त्याच पेनड्राइव्हवर साठवायच्या नाहीत, दुसऱ्या डिस्कवर घ्यायच्या. नाहीतर सापडलेली फाइल न सापडलेल्या फाइलीवर बसते. आणि माहिती मोलाची असेल तर आधी ड्राइव्हची सेक्टरन् सेक्टर नक्कल करून घ्यावी, सगळे प्रयोग त्या नकलेवर करावेत.

अनेक ठिकाणी अशा वेळी ‘चेकडिस्क’ चालवा असा सल्ला दिला जातो. तो सरसकट देणं बरोबर नाही. चेकडिस्क नोंदींचा ताळमेळ जुळवतं, आणि जिथे जुळत नाही तिथे मूळ ड्राइव्हवरच खोडाखोड करतं. त्यात फाइलींचे तुकडे निराळ्याच नावांनी एका फोल्डरमध्ये जाऊन पडू शकतात. माहितीची नक्कल हातात असेल तेव्हाच ते वापरावं. फॉरमॅट दाबून झालंच असेल, तरी हातपाय गाळू नयेत. ‘क्विक फॉरमॅट’ फक्त नोंदी कोऱ्या करतं, मजकूर बराचसा तसाच राहतो. ‘क्विक’ची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहितं, त्यानंतर काही मिळत नाही.

नोंदी बिघडतात त्या बहुधा ड्राइव्ह मध्येच उपटल्यामुळे. विंडोज १०च्या २०१८ मधल्या एका आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही सोय मुळातच चालू असते, म्हणजे लिहायचं ते लगेच लिहिलं जातं. त्यामुळे ‘इजेक्ट’ करायची गरज संपली असं अनेकांनी धरून टाकलं. लिखाण चालू असताना उपटलेल्या ड्राइव्हला ही सोय वाचवू शकत नाही. मॅकवर तर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ड्राइव्ह काढूच नये.

काही वेळा ड्राइव्ह दिसतो, जागाही भरलेली दाखवतो, पण आत फाइलींऐवजी नुसते शॉर्टकट असतात. हा जेरॉक्स आणि सायबर कॅफेंमधून वर्षानुवर्षं फिरणारा व्हायरसचा प्रकार आहे. तो खऱ्या फाइल लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक झालं की फाइल उघडते आणि सोबत व्हायरसही चालतो. म्हणून शॉर्टकटला हात लावू नये. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासावा. मग फाइल एक्स्प्लोररमध्ये लपवलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करावा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ लपवण्याची खूण काढावी. फाइल समोर येतात. कधी त्या बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सरकवलेल्या असतात. नाव रिकामं असल्यामुळे तो फोल्डर नजरेतून निसटतो.

गाडीतला स्टिरिओ किंवा घरचा टीव्ही पेनड्राइव्ह ओळखत नाही, ही तक्रार यातलीच वाटते, पण बिघाड कशातच नसतो. जुने टीव्ही आणि स्टिरिओ फक्त फॅट ३२ वाचतात. ६४ जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह कारखान्यातूनच बहुधा एक्सफॅट पद्धतीत येतात आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट ३२ देतच नव्हती. भजनं, नाट्यगीतं गाडीत ऐकायची असतील, तर ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान ड्राइव्ह सगळ्यांत सोयीचा. फॅट ३२ मध्ये एकच अडचण, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही. लग्नाचा अखंड व्हिडिओ म्हणूनच अनेकदा कॉपी होत नाही.

राहतो तो खरा आजार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हसमोर ‘नो मीडिया’ दिसतं, आकार शून्य. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे, उत्तरं देतोय, पण त्याला स्वतःच्या मेमरी चिपपर्यंत पोचता येत नाही. ही चिप ज्या तंत्रावर चालते ते नॅन्ड फ्लॅश जपानच्या तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलं. तिच्यातल्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि ते किती आहेत यावरून माहिती वाचली जाते. सध्याच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये एका कप्प्यात तीन बिट बसवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. दर वेळी पुसून लिहिताना कप्प्याभोवतीचा थर थोडा झिजतो आणि नुसतं पडून राहिलं तरी इलेक्ट्रॉन हळूहळू निसटत असतात, उष्णतेत अधिक वेगाने. मग पातळ्या एकमेकींत मिसळतात. काही कंट्रोलर अशा वेळी ड्राइव्ह ‘फक्त वाचता येईल’ अशा स्थितीत नेतात. त्यावर लिहिता येत नाही म्हणून चिडण्यापेक्षा त्याच तासात सगळं उतरवून घ्यावं. कपाटात लाकडी डबीत ठेवलेला लग्नाचा पेनड्राइव्ह म्हणजे कायमची साठवण नव्हे. हाती आला त्याच दिवशी त्याची नक्कल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी असायला हवी.

‘१ टीबी’ लिहिलेला ड्राइव्ह रस्त्यावर चारशे-पाचशे रुपयांना मिळाला असेल, तर बिघाडाची वाट पाहायलाच नको. अशा ड्राइव्हमध्ये खरी चिप लहान असते आणि कंट्रोलरला खोटा आकार सांगायला लावलेला असतो. खरी जागा संपली की नव्या फाइल कॉपी झाल्यासारख्या दिसतात, प्रत्यक्षात कुठेच लिहिल्या जात नाहीत. ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरा आकार सांगतं. नव्या ड्राइव्हवर पहिली फाइल ठेवण्याआधी ही चाचणी करावी.

लॅपटॉपला लावलेल्या ड्राइव्हला धक्का बसून तोंड वाकलं, तर आत बहुधा चार सोल्डरचे सांधे तुटलेले असतात. आवरणात हिरवी पट्टी आणि तिच्यावर वेगळी काळी चिप असेल, तर मोबाइल दुरुस्त करणारा जाणकार कारागीर ते सांधे पुन्हा जोडू शकतो. नखाएवढे चिमुकले ड्राइव्ह मात्र एकसंध असतात. चिप, कंट्रोलर, पट्ट्या सगळं एकाच काळ्या तुकड्यात ओतलेलं. त्यावरची माहिती काढायला वरचा थर खरवडून आतल्या बारीक बिंदूंना केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. वेगळी चिप असेल तर प्रयोगशाळा ती गरम हवेने सोडवते, थेट वाचते आणि कंट्रोलरने विस्कटून लिहिलेली माहिती पुन्हा जुळवते. काम नाजूक, म्हणून महाग. ड्राइव्ह देण्याआधी तपासणीचे पैसे किती, काही मिळालं नाही तर किती द्यायचे आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्यापूर्वी दाखवणार का, हे लिहून घ्यावं. तुटलेलं तोंड, निखळलेलं आवरण, पट्टीचा तुकडा, जे असेल ते सगळं एका पिशवीत घालून सोबत न्यावं आणि आजवर काय काय करून पाहिलं, फॉरमॅट दाबलं असेल तर तेही, स्पष्ट सांगावं.